शिसं, तांबं आणि पन्नास यार्ड

शनिवार, ९ सप्टेंबर २०२३. जॅक्सन काउंटी, मिशिगन

शेतावर जाऊन आलो. मका अजून उभा. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे, लहानमोठे मिसळून. शेतमालक आजोबांनी जागा दाखवली. कुंपणाच्या कोपऱ्यातलं बीचचं झाड. तिथून ओढ्यावरची पायवाट चाळीस यार्डांच्या आत. ओकची रांग सत्तरवर.

यंदा रायफल न्यायची नाही. फक्त रिव्हॉल्व्हर. ४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी, प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. दुर्बीण नाही. मागची खाच आणि पुढची माशी.

काडतुसं घरीच भरायची. कोणती, ते ठरायचंय.

रविवार, १० सप्टेंबर

नियम पुन्हा वाचले. राज्याच्या या दक्षिण भागात हरणासाठी रिव्हॉल्व्हर चालतं. व्यास ०.३५ इंच किंवा जास्त, पुंगळी सरळ भिंतीची, एका वेळी भरलेली काडतुसं नऊपेक्षा जास्त नकोत. ४४ सगळ्यात बसतं.

बंदुकीचा हंगाम १५ ते ३० नोव्हेंबर. तारखा ठरलेल्या, वार कुठलाही येवो. कॅलेंडर काढून पाहिलं. यंदा १५ला भाऊबीज.

मंगळवार, १२ सप्टेंबर

बाकावर दोन गोळ्या शेजारी ठेवल्या.

एक २४० ग्रेनची. म्हणजे साडेपंधरा ग्रॅम. आत शिसं, वर तांब्याचं पातळ कवच, टोकाला खड्डा. अंगात शिरली की फुलते. भोक मोठं पडतं, पण आरपार जाईलच असं नाही.

दुसरी आजोबांनी स्वतः ओतलेली, २५० ग्रेनची. कडक शिसं, टोक सपाट, खांदा धारदार. एल्मर कीथच्या वळणाची. आयडाहोतला हा गुराखी अर्ध्याहून जास्त आयुष्य रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांवर प्रयोग करत राहिला. ४४ स्पेशलच्या पुंगळीत ठासून दारू भरायचा. त्याने लकडा लावला म्हणून १९५६मध्ये ४४ मॅग्नम बाजारात आलं. त्याची गोळी फुलत नाही. सपाट टोकाने स्वतःच्या व्यासाचं भोक पाडत सरळ बाहेर पडते.

दोन भोकं असली की रक्ताचा माग जमिनीवर दिसतो. माग दिसला की जनावर सापडतं. जखमी जनावर झाडीत हरवणं, याची मला सगळ्यात जास्त भीती आहे.

आजोबांच्या बाजूला झुकतोय.

मंगळवार, १९ सप्टेंबर

गणपती बसले. घरात आरतीला गर्दी, उकडीच्या मोदकांचा वास. बाकाकडे गेलो नाही.

शनिवार, २३ सप्टेंबर

सकाळभर काडतुसं भरली. फोन स्वयंपाकघरात ठेवला. रेडिओ बंद. या कामात दुसरं काही नको.

जुनी पुंगळी डायमधून काढली, म्हणजे फुगलेली भिंत मूळ मापावर येते आणि वापरलेला प्रायमर खाली गळून पडतो. तोंड किंचित रुंदावलं, इतकंच की गोळी बुडाने अलगद उभी राहील. नवा प्रायमर दाबला. बोट फिरवून पाहिलं. वर आलेला एकही चालणार नाही. सिलिंडर अडतो.

मग दारू. प्रत्येक वेळी काट्यावर. भरलेल्या पुंगळ्या भोकांच्या लाकडी पाटीवर रांगेने उभ्या केल्या आणि वरून टॉर्च मारला. सगळीकडे दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. एक जरी खोल दिसली तर थांबायचं. रिकामी राहिलेली पुंगळी नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर नेऊन अडकवते. मागून पुढचा बार काढला तर नळी फुटते. दुपटीने भरलेली असेल तर सिलिंडरच फुटतो.

शेवटी गोळी बसवली आणि पुंगळीची कड गोळीच्या खाचेत वळवली. ही वळलेली कड भिंगाखाली पाहण्यासारखी असते. पितळेचा काठ सगळीकडून सारखा आत दुमडलेला, शिशाच्या खाचेत घट्ट बसलेला, कुठेही शिसं खरवडलेलं नाही.

किती दारू ते या वहीत लिहिणार नाही. तो आकडा प्रत्येक वेळी छापील पुस्तकातच बघायचा. सुरुवात खालच्या आकड्यापासून.

सोमवार, २५ सप्टेंबर

दोन दारू आहेत माझ्याकडे. एच-११० आणि २४००.

एच-११० जोरदार. पण ती कमी भरून चालत नाही. पुंगळीत मोकळी जागा राहिली की नीट पेटत नाही. बनवणारे स्वतःच बजावतात की आकडा फार खाली आणू नका. तिच्याबरोबर मॅग्नम प्रायमर आणि घट्ट कड हवी. म्हणजे ती निवडली की पूर्ण जोरच निवडला.

२४०० जुनी, कीथच्या काळातली. जोर खालीवर करता येतो.

प्रश्न दारूचा नाही. मला किती जोर हवाय, हा आहे.

शनिवार, ३० सप्टेंबर

रेंजवर. ही बरोबर आली.

आधी एच-११०ची, २४० ग्रेनची गोळी. वेगमापकावर सेकंदाला १३८० फुटांच्या आसपास. मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या. मग आजोबांची गोळी, २४०० मध्यम भरून. ११८० फूट. धक्का आहे, पण ढकलल्यासारखा.

मग हिला सिलिंडर भरून द्यायला सांगितलं. काही घरांत भरलेलं काडतूस, काहींत रिकामी पुंगळी, कुठे काय ते मला न सांगता. जोरदार काडतुसं असताना रिकाम्या घरावर घोडा पडला की माशी दर वेळी खाली झुकायची. आवाज नाही, धक्का नाही, तरी हात धक्क्याच्या तयारीने आधीच दबलेला. मध्यम काडतुसं असताना माशी जागच्या जागी राहिली. हिने शेजारी उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, "यातच झालं ना उत्तर?"

झालं.

हरणाला २०० फूट जास्त वेगाचा काही उपयोग नाही, माशी फुप्फुसावरून पोटावर घसरणार असेल तर. एच-११०चा डबा कपाटात ठेवला.

रात्री शेवटची एक तपासणी. पाच बार काढून सहावं काडतूस न उडवता बाहेर काढलं होतं. त्याची लांबी व्हर्नियरने मोजली. भरताना होती तितकीच. कड सैल असती तर धक्क्याधक्क्याने गोळी पुढे सरकून सिलिंडरच्या बाहेर डोकावली असती आणि सिलिंडर फिरलाच नसता.

म्हणजे ठरलं. आजोबांची २५० ग्रेन, २४०० मध्यम.

रविवार, १ ऑक्टोबर

धनुष्यबाणाचा हंगाम आज सुरू झाला.

शिकागोहून मुलीचा फोन. बाळ मे महिन्यात येणार. ही रडली. मीही.

सोमवार, २ ऑक्टोबर

टंबलर गॅरेजबाहेर नेला. पुंगळ्या घासायचा जुना भुसा पिशवीत बांधून घातक कचऱ्यात. प्रायमरच्या मसाल्यात शिसं असतं, ते या धुळीत उतरतं. बाक ओल्या फडक्याने पुसला. झाडू मारला नाही, धूळ उडते. गॅरेजमधले बूट यापुढे घरात नाहीत.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो.

२००८मध्ये नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने गरिबांना वाटायच्या हरणाच्या खिम्याची पाकिटं क्ष-किरणांखाली धरली. शिशाचे कण चमकले. राज्याच्या आरोग्य खात्याने ते मांस वाटू नका म्हणून सांगितलं. ते बहुतेक रायफलचं. रायफलची गोळी दुपटीहून जास्त वेगाने आदळते, कवच फाटतं, आतलं मऊ शिसं धुरळ्यासारखं उडतं. डोळ्याला न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूर जातात.

रिव्हॉल्व्हरच्या वेगाला कडक शिसं असं फुटत नाही. हे खरं आहे आणि आजोबांच्या गोळीच्या बाजूने आहे. पण हाडावर घासली तर काहीच राहणार नाही, असं मला म्हणता येत नाही.

गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं वार ओलांडून बाळाकडे जातं. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असा आकडा डॉक्टरही देत नाहीत.

मुलगी थँक्सगिव्हिंगला येणार. दर वर्षी येते तेव्हा आधी फ्रीजर उघडून हरणाचं मटण आहे का बघते.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

संध्याकाळी शेततळ्यावर गरुड दिसला. पांढऱ्या डोक्याचा, पूर्ण वाढलेला. सुकलेल्या एल्मच्या शेंड्यावर बसून होता.

हरीण साफ केल्यावर आतडी रानातच राहतात. रात्रीत कोल्हे, दिवसा कावळे आणि गरुड. २०२२च्या एका मोठ्या अभ्यासात ३८ राज्यांतले बाराशेच्या वर गरुड तपासले होते. जवळपास निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेलं शिसं होतं.

मी जे मागे सोडून येतो, ते कुणीतरी खातं. इतक्या वर्षांत गोळी निवडताना हा हिशेब मी कधी धरला नव्हता. आता धरायचा.

रविवार, ८ ऑक्टोबर

शिसं सोडतोय, हे आजोबांना सांगायला गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ते गोठ्यामागच्या शेडमध्ये गोळ्याच ओतत होते. वितळलेल्या शिशावर राखाडी साय, पळीने बाजूला सारत होते. मी बाहेर उभा राहिलो. ते हातमोजे काढून आले.

सगळं सांगितलं. मुलीचंही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या मुलांनी हेच खाल्लंय." मी म्हटलं, "माहीत आहे." त्यांना दुखवायचं नव्हतं. गोळी वाईट आहे असं मला वाटतही नाही. तिच्याइतकी प्रामाणिकपणे चालणारी दुसरी गोळी मी वापरलेली नाही.

निघताना त्यांनी गोळ्यांचा डबा परत घेतला नाही. "सरावाला लागतील."

शनिवार, १४ ऑक्टोबर

तांब्याची गोळी आली. २२५ ग्रेन, आत शिसं अजिबात नाही. टोकाला खोल खड्डा, बाजूने गोल खाचा.

शिशाच्या शेजारी उभी केली. वजनाने कमी, उंचीने जास्त. तांब्याची घनता शिशापेक्षा बरीच कमी, ८.९६ आणि ११.३४. त्यामुळे तेवढ्याच वजनाला लांबी वाढते. काडतुसाची एकूण लांबी वाढवता येत नाही, १.६१० इंचांवर मर्यादा आहे. म्हणून गोळी पुंगळीत खोल बसते आणि दारूला जागा कमी उरते. जागा कमी झाली की दाब वाढतो. शिशाच्या गोळीचा आकडा हिला लावणं म्हणजे धोका. तिचा तक्ता वेगळा. खालच्या आकड्यापासून पुन्हा सगळं.

महाग आहे. एका पाकिटात वीसच.

रविवार, १५ ऑक्टोबर

घटस्थापना. परडीत माती घालून गहू पेरले.

तांब्याची पहिली काडतुसं भरली. तळाचा आकडा.

शनिवार, २१ ऑक्टोबर

रेंजवर गार वारा. तळाच्या आकड्याला ११५० फूट. थोडं वर, १२१०. आणखी थोडं, १२४० ते १२६०. इथे गोळ्या एकत्र पडल्या, ५० यार्डांवर तळहाताखाली झाकतील इतक्या. प्रायमर तपासले. कडा गोल, चपटे झालेले नाहीत. पुंगळ्या घरांतून बोटाने सुटल्या. वर अजून वाव आहे. तिथे जाणार नाही.

रिकाम्या घरांची तीच परीक्षा. माशी हलली नाही.

सोमवार, २३ ऑक्टोबर

खंडेनवमी. प्रेस, काटा, व्हर्नियर, रिव्हॉल्व्हर, हिची कात्री, विळी, माझे ऑफिसचे गेज, सगळं पाटावर मांडलं. हळदकुंकू, अंगणातला झेंडू. थंडीने करपण्याआधीचा शेवटचा.

आमच्याकडे लांज्याला या दिवशी कोयते, नांगराचा फाळ आणि बाबांची ठासणीची बंदूक मांडायचे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भाताला रानडुकरं लागायची. बाबा दारू मापाने ओतायचे, डोळ्याच्या अंदाजाने कधीच नाही. माप बाभळीच्या लाकडाचं होतं.

शनिवार, २८ ऑक्टोबर

अजून एक शंका उरली होती. तांबं शिशापेक्षा कठीण. ५० यार्डांवर वेग उतरल्यावर फुलेल का?

पाण्याने भरलेले दुधाचे कॅन एकामागे एक लावले. पहिल्या कॅनपुढे जुन्या जीन्सचं कापड. ५० यार्डांवरून एक बार. पहिला कॅन फाटून पाणी माणसाएवढं उंच उडालं. गोळी चौथ्यात सापडली.

हातात घेतली. ऊन लागून कोमट. टोक सहा पाकळ्यांत उघडून मागे वळलंय, सहाही जागेवर. पाकळ्यांच्या कडा बोटाला लागतात. काट्यावर ठेवली. २२४.८ ग्रेन. म्हणजे आत काहीही सांडलं नाही.

रात्री कोजागिरी. मसाला दूध. गोळी बशीत घालून हिला दाखवली. तिने आधी विचारलं, "हात धुतलेस?" मग गोळी उचलून बराच वेळ फिरवून पाहिली.

काडतूस ठरलं.

शनिवार, ४ नोव्हेंबर

आता अंतर.

आठ इंची कागदी ताटली. हरणाची मर्मस्थानं साधारण तेवढ्याच जागेत. हंगामातला जाड कोट आणि नारंगी जाकीट घालून, जमिनीवर बसून, गुडघ्यांवर कोपरं टेकून. थंड हातांनी. टेबल नाही, वाळूची पिशवी नाही.

३० यार्डांवर सगळ्या ताटलीत. ४०वर सगळ्या. ५०वर सगळ्या, कडेला एक. ६०वर एक बाहेर. ७०वर ताटलीभोवती भोकं.

घरी येऊन गणित मांडलं. माशी ०.१२५ इंच रुंद, डोळ्यापासून साधारण २८ इंचांवर. ५० यार्डांवर ती आठ इंच झाकते, म्हणजे पूर्ण ताटली. ७०वर सव्वाअकरा इंच. तिथे मी हरणाची छाती बघतच नाही, माशीच बघतो. गोळी ७०वर दोनेक इंचच खाली जाते. गोळी पोहोचते. माझी नजर पोहोचत नाही.

पन्नास. त्यापुढे घोडा मागे ओढायचा नाही.

रविवार, ५ नोव्हेंबर

घड्याळं एक तास मागे. बीचच्या झाडाखाली बसून आलो. अंतरमापक यंत्राने पन्नास यार्डांची रेघ काढली. ओढ्याकडच्या वाटेवर एक दगड, डावीकडे कुंपणाचा मोडका खांब. त्यांच्या आत माझं. बाहेर नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. चकल्या छान झाल्या. मंडळींपैकी एकाने विचारलं, "सणासुदीला हे कसलं डोक्यात?" हिनेच उत्तर दिलं. वर्षभर आपण जे मांस खातो त्यासाठी जनावर कुणीतरी दुसरा मारतो, हा स्वतः मारतो आणि नीट मारायला बघतो.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

पाडवा. ओवाळणी झाली.

उद्यासाठी सहा काडतुसं निवडली. प्रत्येक काडतूस प्रत्येक घरात आपल्या वजनाने खाली सरकतं का पाहिलं. बूड आत, प्रायमर आत. कानांचं संरक्षण पिशवीत वर. रिव्हॉल्व्हरचा आवाज रायफलपेक्षा कानाला जास्त लागतो. नळी आखूड.

झोप येत नाही.

बुधवार, १५ नोव्हेंबर

पहाटे पाचला ताईचा व्हिडिओ कॉल. रत्नागिरीत दुपारचे साडेतीन. पडद्यापुढे निरांजन. "जपून रे. आणि कुठल्या जिवाला अर्धवट सोडू नकोस." ताईने कधी बंदूक हातात धरलेली नाही.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर. चारी बाजूंनी लांबून बार ऐकू येतात.

आठच्या सुमाराला ओकच्या रांगेत नर. मोठा. शिंगं कानांच्या बाहेर. आडवा उभा, मान खाली, फळं टिपत होता. सत्तर. यंत्रात पुन्हा पाहिलं. ७१.

बराच वेळ उभा होता. रिव्हॉल्व्हर मांडीवरच राहिलं. दगडाच्या अलीकडे आलाच नाही.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

खारी. टर्की. बाकी काही नाही.

शनिवार, १८ नोव्हेंबर

आजोबांनी विचारलं, १५ला बार का नाही ऐकू आला? सांगितलं. ते म्हणाले, "चाळीस वर्षांपूर्वी मी काढला असता." थोडं थांबून, "आणि दोन दिवस शोधत फिरलो असतो."

सोमवार, २० नोव्हेंबर

पाऊस. बोटं बधिर. लवकर परतलो.

बुधवार, २२ नोव्हेंबर

संध्याकाळ. वारा पडलेला. ओढ्याच्या वाटेने तीन माद्या. पुढची सावध, मधली मोठी. परवाना मादीचा आहेच. बरोबर पिल्लू नव्हतं.

दगडाच्या अलीकडे आल्या. मधली वळली, आडवी झाली, पुढचा पाय एक पाऊल पुढे. ३४ यार्ड. घोडा मागे ओढला. त्या आवाजाने तिचा कान फिरला. माशी खांद्यामागे, खालच्या तिसऱ्या भागात. चाप.

माशी वर उडाली, खाली नाही. ते मला कळलं.

मादी उसळली, खाली वाकून धावली, झाडीत शिरली. मग फांद्या मोडल्याचा आवाज. मग शांत.

अर्धा तास बसून राहिलो. उठायची घाई करायची नाही. हात थरथरत होते, थंडीने नाही.

पालापाचोळ्यावर पहिलं रक्त पाच पावलांवर. फेसाळ, गुलाबी. फुप्फुस. दोन्ही बाजूंनी माग. हिवाळी उजेडातही सहज दिसत होता. साठेक यार्डांवर पडलेली. डोळ्याला काडी लावून पाहिली. गेलेली होती.

गुडघ्यावर बसलो. नमस्कार केला.

आत जायचं भोक बोटाएवढं. बाहेरचं रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. दोन्ही फुप्फुसं. बरगड्यांच्या मधून. खांद्याचं मांस शाबूत. गोळी आरपार, मातीत कुठेतरी. आतडी तिथेच ठेवली. मनाला टोचणी न लागता.

टॉर्चच्या उजेडात आजोबा मदतीला आले. बाहेरचं भोक बघून फक्त मान हलवली.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. मुलगी आणि जावई. पोट अजून दिसत नाही. तिने येताक्षणी फ्रीजर उघडला.

"बाबा, खाऊ का?"

"तांब्याची आहे. पण एक तपासणी बाकी आहे. तोवर नको."

हरणांत मेंदूचा एक बरा न होणारा रोग आमच्या राज्यात रानातल्या जनावरांत २०१५पासून आहे. माणसाला झाल्याचं आढळलेलं नाही. तरी रोग असलेल्या जनावराचं मांस खाऊ नका असंच सगळे सांगतात. शिजवून तो मरत नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवलाय. शिकारीची ऑनलाइन नोंदही आजच केली. ७२ तासांची मुदत असते.

रविवार, २६ नोव्हेंबर

शेततळ्याकडे गेलो. आतड्यांच्या जागी काही उरलेलं नाही. एल्मवर गरुड.

आजोबांनी काल त्यांच्या ओतीव गोळीने एक नर पाडला. गोळी बदलणार नाहीत. तसं स्पष्ट बोलले. पण ट्रॅक्टरवर फावडं होतं. आतडी खोल पुरली, वर दगड ठेवला. "तुझ्या गरुडासाठी."

सोमवार, ४ डिसेंबर

प्रयोगशाळेचा निकाल. रोग आढळला नाही.

मुलीला फोन. ती म्हणाली, "मग मी शनिवारी येते."

शनिवार, ९ डिसेंबर

सुकं केलं. ताईने पाठवलेला मालवणी मसाला, भाजलेलं खोबरं, थोडी आमसुलं. हरणाला चरबी नसते, म्हणून मंद आचेवर. मुलीने दोनदा वाढून घेतलं. उरलेलं डब्यात भरून शिकागोला.

रात्री बाकावर. यंदाच्या डब्यावर चिठ्ठी लावली: ४४ मॅग्नम, २२५ ग्रेन तांबं, १२५० फूट. शिकार, पन्नास यार्डांच्या आत. आजोबांच्या गोळ्यांचा डबा दुसऱ्या फळीवर. त्यावर फक्त "सराव".

जावयाला शिकायचंय. राज्याचा सुरक्षा वर्ग आधी कर म्हटलं. मग माझ्याबरोबर बाकावर बस. पहिले काही महिने बार काढायचा नाही, नुसती काडतुसं तपासायची.

पुढच्या वर्षासाठी: ओकची रांग सत्तरवरच राहणार. तो नरही बहुधा तिथेच. साठपर्यंत जायचं असेल तर उन्हाळाभर ताटली साठवर लावायची, बसून, कोट घालून. सगळ्या आत पडायला लागल्या तरच दगड पुढे सरकवायचा. जास्त दारू भरून अंतर वाढत नाही.